कल्ब्याच्या भिंतीवरच्या पुड्या

दोन वर्षांपूर्वी याच दिवाळी अंकात ‘कल्ब्याची सहल’ नावाचा माझा लेख आला होता. तो पुष्कळांना आवडला. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने मला शाल दिली. "काका, काय ओघवतं लिहिता हो," असं लोकांनी मुद्दाम जवळ येऊन सांगितलं. त्या ओघवत्या लेखात एक वाक्य होतं: "आपण कोण आहोत, हे यजमानांनी आमच्यापासून लपवून ठेवलं." हे वाक्य खोटं होतं. लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

ज्यांनी तो लेख वाचला, ज्यांनी त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर फिरवला, त्यांनी आता हाही वाचावा. हाही प्रवासाचाच लेख आहे. यंदाच्या जानेवारीत मी त्याच गावी, त्याच लॉजवर पुन्हा गेलो. या वेळी एकटा.

मी सातारच्या कोर्टात लघुलेखक होतो. साक्षीदार बोलायचे आणि मी उतरवून घ्यायचो, त्यात पदरचा शब्द घालायचा नाही. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात दोन-तीन महिने मुलाकडे दुबईत, अल बर्शाला येतो. तिथल्या बागेत संध्याकाळी आमचा कट्टा बसतो. मुलांकडे व्हिजिटवर आलेले आईवडील, सगळे मराठी. कट्ट्याचे म्होरके अण्णा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि अजूनही तिथेच असल्यासारखे बोलतात. त्या वर्षी अण्णांनी ठरवलं, की मुलांच्या गाडीत बसून मॉल बघणं पुरे झालं, आपली आपण सहल काढू. समुद्र हवा, शांत गाव हवं, आणि जेवण घरगुती, शाकाहारी हवं. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं.

ओळखीच्या एकाने कल्ब्याचा नंबर दिला. कल्बा म्हणजे डोंगरांच्या पलीकडे, पूर्वेच्या किनाऱ्यावरचं शेवटचं गाव. पुढे ओमान. मी फोन लावला. पलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला, "हां, मी जमीला बोलते. आम्ही बाणकोटचे. तुम्ही घाटावरचे काय? या की. शाकाहारी पायजे? घावणे करीन, काळ्या वाटाण्याचं सांबारं करीन. खोबरं चालतं ना?"

नाव सांगितलं होतं. गाव सांगितलं होतं. याहून आणखी काय सांगायचं असतं माणसाने?

कट्ट्यावर येऊन मी म्हणालो, "रत्नागिरीकडचं मराठी कुटुंब आहे. अगदी घरगुती." यातला एकही शब्द खोटा नव्हता. जमीला हे नाव तेवढं मी गाळलं. मला अण्णा माहीत होते. नाव ऐकताच त्यांनी नाक मुरडलं असतं, मग वाद, मग सहल रद्द. मला वाटलं, एकदा ते घावणे यांच्या तोंडात पडले, की नाव काय आणि गाव काय, सगळं आपोआप मिटेल. जेवणाने माणसं सुधारतात, हा माझा शहाणपणा.

आम्ही गेलो. लॉजचं नाव ‘बाणकोट रेस्ट हाउस’. एका अरबाचा जुना बंगला या कुटुंबाने भाड्याने घेऊन चालवायला घेतलेला. मोजक्या खोल्या, पुढे लांब व्हरांडा, अंगणात एक शेवगा आणि बदामाचं झाड. पाटीखाली उभं राहून आम्ही फोटो काढले. रात्री व्हरांड्यात चटई घातली. घावणे, सांबारं, काकडीचं सांदण, कोकमाची कढी. मुलगी वाढत होती, आई आत तव्यापाशी होती. "वहिनी, हात धरणार नाही हो कोणी तुमचा!" असं अण्णा आत तोंड करून ओरडले. दोनदा सांबारं मागून घेतलं त्यांनी.

सकाळी अण्णा प्राणायाम करायला व्हरांड्यात आले, आणि तिथे यजमान इब्राहिमभाई नमाज पढत होते.

पुढचं मी त्या लेखात फार रंगवून लिहिलं होतं. खरं ते एवढंच. इब्राहिमभाईंचा नमाज झाला, त्यांनी चटई गुंडाळली आणि अण्णांना विचारलं, "चहा घेणार काय?" अण्णा उत्तर न देता आत आले आणि म्हणाले, "फसवलं आपल्याला. बॅगा भरा." बायकांपैकी लीलावहिनी एकट्या बोलल्या. "अण्णा, काल दोनदा वाटाणे वाढून घेतलेत तुम्ही." त्यांच्या नवऱ्याने त्यांना गप्प केलं. मी बॅग भरत होतो. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की यांनी नाव सांगितलं होतं, लपवलं मी. म्हटलं नाही. "फसवलं" म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या, तेव्हा माझीही मान हलली.

जमीलाबाईंनी वाटेत खायला म्हणून प्रत्येकाची पुडी बांधून ठेवली होती, चांदीच्या कागदात. मुलीने त्या हातात दिल्या. आमच्या माणसांनी त्या फाटकाशेजारच्या भिंतीवर एकापुढे एक ठेवल्या आणि ती बसमध्ये जाऊन बसली.

अल बर्शा

यंदा मी पुन्हा जाणार म्हटल्यावर मुलगा वैतागला.

"बाबा, इट्स ओव्हर ना. दोन वर्षं झाली. कोणाला आठवतंय?"

"त्यांना आठवत असेल."

"मग फोन करा. सॉरी म्हणा. खलास. या वयात एकटे कुठे जाताय बसने?"

नात तिच्या टॅबमधून मान वर न करता म्हणाली, "लेट हिम गो, पप्पा. ही इज ग्रम्पी एनीवे."

पोरीचं खरं होतं. दोन वर्षं माझं डोकं तापलेलं होतं. कट्ट्यावर कोणी नवीन आला, की अण्णा ती कल्ब्याची गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी ती थोडी वाढलेली असायची. एकदा तर मांसाच्याच कढईत भाजी केली होती म्हणाले. मी तिथेच, शेजारच्या बाकावर. "काकांनी लिहिलंय ना त्यावर," असं म्हणून ते माझ्या मांडीवर थाप मारायचे. माझ्या कागदाचा पुरावा दाखवत होते. मला त्यांचा हात झटकावासा वाटायचा आणि मी चष्मा पुसत बसायचो. अण्णांवर राग होताच. पण ते निदान जे मानतात तेच बोलत होते. मी काय मानत होतो आणि काय बोललो?

मी माझ्या खऱ्या नावाने खोली घेतली. मेसेज केला, पलीकडून फक्त "कन्फर्म्ड" असं उत्तर आलं.

कल्बा, गुरुवार

फुजैराच्या बसने जाताना वाळू संपते आणि डोंगर लागतात. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना ते डोंगर उघडे-वाघडे वाटतात. गवताची काडी नाही, माती नाही. भाजून जास्त करपलेल्या विटांचे ढीग रचून ठेवावेत तसे काळपट, तांबूस, एकामागे एक. मग अचानक समोर समुद्र येतो. फुजैराहून टॅक्सीने कल्ब्याला पोचलं, की खाडीच्या काठाने दाट हिरवी कांदळं दिसतात, आपल्या कोकणातल्यासारखीच. त्या करपलेल्या मुलखात तेवढा एकच ओला हिरवा पट्टा. गेल्या खेपेला त्याच्यावर मी अर्धं पान खर्च केलं होतं. निसर्गाचं वर्णन खरं लिहायला काही मोल पडत नाही.

काउंटरवर मुलगी होती, सना. जेवण वाढणारी ती हीच. इथेच जन्मलेली, फुजैरात एका शिपिंग कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात लॉजचं बुकिंग सांभाळते. तिने पासपोर्ट घेतला, नाव पाहिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"रूम फोर. चेकआउट ट्वेल्व्ह."

"जेवणाचं कसं?" मी मराठीत विचारलं.

"वी डोंट सर्व्ह फूड, सर."

"पूर्वी तर..."

"वी स्टॉप्ड."

किल्ली काउंटरवर ठेवून ती आत गेली. मी मराठीत बोलत होतो आणि ती मला परक्या गिऱ्हाइकाला देतात तशी इंग्रजी उत्तरं देत होती. तिचं चुकत नव्हतं. गेल्या खेपेला हीच पोर "आजोबा, अजून एक घ्या ना," म्हणून माझ्या पानात घावणा टाकत होती.

खोली स्वच्छ होती. टेबलावर किटली, चहाच्या पुड्या आणि एक कागद: शेजारच्या हॉटेलांची नावं. व्हरांड्यात चटई नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खोलीपुढे दोन, भिंतीकडे पाठ करून. बाजूच्या खोलीत एक फिलिपिनो जोडपं होतं. दोघं डब्यातले नूडल्स खात होती.

संध्याकाळी पोटासाठी बाहेर पडलो. रस्त्यावरच्या मल्याळी कॅफेटेरियापुढे गाड्यांची रांग. इथली रीत अशी, की गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न द्यायचा. मग माणूस धावत येऊन ऑर्डर घेतो आणि चहा-पराठा गाडीत आणून देतो. मी पायी आलेला एकटाच. दारापाशी उभा राहिलो तर माझ्या दोन्ही बाजूंनी ट्रे धावत होते आणि मला कोणी विचारीना. शेवटी गल्ल्यावरच्या माणसाने विचारलं, "अंकल, गाडी किधर?"

"गाडी नहीं है."

"गाडी नहीं?" त्याने असं पाहिलं, जणू मी चप्पल विसरून आलोय. मग हसून एक खुर्ची बाहेर ओढून दिली. पराठा कागदासारखा पातळ होता, आत चीज आणि मध. चहा कडक आणि भयंकर गोड. गोड पराठा खाऊन रात्र काढायची म्हणजे सातारकराला शिक्षाच. पण शिक्षा म्हटलं तर फार हलकी.

परत आलो तर फाटकातच फोडणीचा वास आला. कोकम, लसूण, ओलं खोबरं. आतलं दार बंद होतं आणि दारामागे घरची तिघं जेवत होती, बोलत होती. कधीकधी हसत होती. मी भिंतीकडे पाठ केलेल्या खुर्चीत बसून राहिलो. या घराचा रिवाज, मला मागाहून कळला तो असा, की घरचे आणि पाहुणे एका चटईवर बसतात, पाहुण्याला वेगळं वाढून आपण आत बसायचं नाही. गेल्या खेपेला आम्ही आल्याआल्याच सांगितलं होतं, "आम्ही आधी बसतो, तुम्ही मागाहून बसा." तेव्हाच तो रिवाज मोडला होता आणि आम्हाला कळलंही नव्हतं. आणि मी लिहिलं काय? "घरातील मंडळी आमच्यासमवेत जेवावयास बसली नाहीत, तेव्हाच शंका यायला हवी होती." हेही माझंच वाक्य. कोर्टात असं कोणी लिहून दिलं असतं, तर मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो असतो.

कल्बा, शुक्रवार

सकाळी जमीलाबाई दिसल्या. डोक्यावर ओढणी, हातात झाडू, साठीच्या आसपास. अंगणातली पानं झाडत होत्या. मी "नमस्कार" म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि झाडत झाडत दूर गेल्या. मला बोलायचं होतं, पण पाठीशी काय बोलणार?

म्हणून खाडीवर गेलो. कोळी जिथे होड्या काढतात त्या कडेला ओहोटी लागली होती. कांदळांची मुळं उघडी पडली होती आणि चिखलात लालसर खेकडे इकडून तिकडे पळत होते. बगळ्यासारखा एक पक्षी अगदी जवळ उभा होता. त्याचा फोटो काढायला दोन पावलं पुढे गेलो आणि उजवा पाय पोटरीपर्यंत आत गेला. काढायला गेलो तर डावा गेला. मी उभाच, हलता येईना. लाज इतकी वाटली, की हाक मारायलाही तोंड उघडेना.

"अरे काका, काका! हलू नका!" मागून आवाज आला. इब्राहिमभाई. पिकअप थांबवून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून येत होते. फळी टाकली, तिच्यावर उभे राहून माझ्या काखेत हात घातले. "कांदळात चप्पल घालून उतरतात काय? बाणकोटला पोरं हसतील तुम्हाला. आता पाय वाकडा करा. सरळ नको, वाकडा. हां. यल्ला, चला!"

मी निघालो. एक चप्पल राहिली. तीही त्यांनी कोपरापर्यंत हात घालून काढली, खाडीत खळबळून धुतली आणि माझ्यापुढे ठेवली.

पिकअपमध्ये मी सीटवर पेपर अंथरायला लागलो. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मासळी ठेवतो मी तिथं. तुमच्या चिखलानं काय होतंय?" गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर रस्त्याकडेच पाहत म्हणाले, "तुम्ही लिहिणारे ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सनानं नाव बघितलं ना. दोन दिवस घरात नुसतं वादळ. ती म्हणते, अब्बा, कॅन्सल कर. बायको म्हणाली, नाय, येऊ दे. बघू दे कसं तोंड असतं."

"मग बोलत का नाहीत?"

"ती काय बोलणार? तुम्ही बोला." मग ते म्हणाले, "माझं काय नाय हो. जहाजावर होतो वीस-बावीस वर्षं, सगळ्या तऱ्हेची माणसं बघितली. तुमचे ते अण्णा माझ्या नमाजाला भ्याले, मला तर हसूच आलं. पण बायकोला लागलं. इकडं येणारी सगळी मराठी माणसं तिची. शाळेच्या सुट्टीत येणारी, गणपतीचे मोदक घेऊन येणारी. दुबईहून यायची, तिच्या हातचं खायची, आणि तिला बोलायला मिळायचं. तुमचं ते छापून आलं आणि फोन यायला लागले. ‘तुम्ही नक्की कोण?’ असे. पोरगी उत्तरं द्यायची. मग बायकोनं एक दिवस मोठी पातेली वर ठेवून दिली. म्हणाली, खलास, आता खोल्या झाडायच्या नि चादरी बदलायच्या." फाटकापाशी गाडी लावताना त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "इथं ठेवलेल्या पुड्या. एक कमी होती. बायको अजून म्हणते, मांजरानं नेली असंल."

माझे पाय चिखलाने भरले होते आणि त्या घरात तसं जाववत नव्हतं. त्यांनी अंगणातला नळ सोडला.

शनिवार

सकाळी दार वाजवलं. स्वयंपाकघराचं, मागचं.

जमीलाबाई पाटावर बसून कोलंबी सोलत होत्या. सना ओट्यापाशी मोबाइल घेऊन उभी होती.

"काय पायजे?" जमीलाबाईंनी विचारलं.

"माफी मागायला आलोय."

"कोणाची?"

"तुमची."

"माझी कशाला?" त्यांनी कोलंबीचं डोकं मोडलं. "माझ्याशी काय खोटं बोललात तुम्ही? माझ्याशी तर निघताना एक शब्द बोलला नाहीत. खोटं बोललात ते त्या लोकांशी. त्यांची मागा."

मी येताना बसमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही या उत्तरापुढे उभं राहीना.

"फोनवर नाव सांगितलं होतं की नाय मी?"

"सांगितलं होतं."

"ऐकू आलं होतं?"

"नीट आलं होतं."

"मग लपवलं कोणी?"

"मी."

"हां." त्या सनाकडे वळल्या. "ऐकलंस? मी म्हणत नव्हते? तू म्हणायचीस, अम्मी, तूच काहीतरी बोलायचं विसरली असशील. दोन वर्षं मी आठवत बसले, की बाई, नाव सांगितलं होतं ना आपण? का नुसतं बाणकोट म्हटलं? माझंच डोकं मला खोटं पाडायला लागलं होतं."

आजवर मी समजत होतो, की त्यांचं नाव खराब केलं, गिऱ्हाईक तोडलं, एवढाच माझा गुन्हा. एका सरळ बाईला स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लावला, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मला फार राग आला. आणि तो राग काढायला समोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

सना या खेपेला पहिल्यांदाच मराठीत बोलली. "आजोबा, तुम्ही ना, फार हुशार आहात. पहिल्यांदा आम्हाला त्यांच्यापासून लपवलंत, का तर ते रुसतील. मग स्वतःला लपवलंत, का तर ते तुमच्यावर रुसतील. आम्ही काय, वापरायला मिळालो?" आणि मग तिचं मराठी रागात संपलं. "यू एट इन अवर हाउस, मॅन!"

"सना, बस," आई म्हणाली.

"नो, अम्मी. आता हे जाऊन लिहितील, की काही गैरसमज झाला होता. बघ तू."

"गैरसमज कोणाचा झाला?" जमीलाबाईंनी कोलंबीचं ताट बाजूला सारलं. "कोणाचाच नाय. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तो शब्द लिहायचा नाय."

"नाही लिहिणार."

"जिथं छापलं होतं तिथंच छापायचं. फोनवर पाठवून नाय."

"तिथंच."

"बरं." त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. बोलणं संपलं असं मला वाटलं. पण एक गोष्ट उरली होती, आणि ती सांगितली नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता.

"ती पुडी मांजराने नेली नाही," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"सगळे बसमध्ये चढत होते, मी शेवटी होतो. माझी पुडी भिंतीवरून उचलून पिशवीत टाकली. वाटेत पेट्रोल पंपावर बस थांबली, तेव्हा पंपाच्या मागे गेलो आणि हवा भरायच्या मशीनपाशी उभ्याउभ्या सगळे घावणे खाल्ले. चटणीसकट. कागद तिथेच डब्यात टाकला, तोंड धुतलं आणि बसमध्ये येऊन बसलो. अण्णा ‘फसवलं’ म्हणत होते. मी ‘हो ना’ म्हणालो."

सनाने तोंडावर हात धरला. ती हसते आहे की काय, मला कळेना. जमीलाबाई हसल्या नाहीत.

"चटणी खारट झाली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"थोडी."

"थोडी नाय, चांगली खारट झाली होती. घाईत दोनदा मीठ पडलं. तुम्ही गेल्यावर मी चाखली. म्हटलं, बरं झालं कोणी खाल्ली नाय." त्या पुन्हा कोलंबीकडे वळल्या. "खाल्लीत तर. उभ्यानं. चोरासारखी."

"हो."

"हेपण लिहा."

बारा वाजायच्या आत मी किल्ली दिली. सनाने पासपोर्ट परत केला आणि म्हणाली, "पेट्रोल पंप इज द वर्स्ट पार्ट, आजोबा. डोन्ट कट इट." इब्राहिमभाई टॅक्सीपर्यंत बॅग घेऊन आले. जमीलाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. मी आपल्या सवयीने हात जोडून म्हणालो, "येतो."

कोकणात, घाटावर, कुठेही, पाहुणा "येतो" म्हणाला की घरचं माणूस "या" म्हणतं. शत्रूलाही म्हणतात. जमीलाबाई म्हणाल्या, "जा."

टॅक्सी वळेपर्यंत मी ते ऐकत होतो. त्यांनी तो शब्द रागाने उच्चारला नव्हता. तेच फार लागलं.

अल बर्शा, पुन्हा

हा लेख मी अंकासाठी दिला. पंधरवड्याने संपादक मंडळातून फोन आला. मुलगा चांगला आहे, माझ्या मुलाच्या वयाचा, फार अदबीने बोलतो.

"काका, लेख स्ट्राँग आहे. फक्त दोन-तीन छोटे बदल. अण्णांचा उल्लेख जरा सौम्य करू. नमाजाचा पॅरा नकोच, वातावरण बिघडतं. पेट्रोल पंपाचं तुमच्याच इमेजला बरं दिसत नाही. आणि सुरुवातीला ‘खोटं होतं’च्या जागी ‘गैरसमजातून लिहिलं गेलं’ असं केलं तर?"

"लिहिलं गेलं नाही. मी लिहिलं."

"तेच हो काका. अर्थ तोच आहे."

मी आयुष्यात कोणावर एवढा ओरडलो नसेन. सून स्वयंपाकघरातून धावत आली, नातीने कानातले इअरफोन काढले. मी म्हणालो, "तेव्हाचं खोटं तुम्ही एकही शब्द न कापता छापलंत. वर शाल घातलीत. आता खऱ्याला कात्री लावताय? एक शब्द हलवलात तर ती शाल मी कट्ट्यावर, अण्णांच्या बाकावर आणून टाकीन आणि हा लेख तिथे उभा राहून मोठ्याने वाचीन. रोज."

हा शेवटचा भाग मी त्या फोननंतर जोडला. आता लेख तुमच्यापुढे आहे, म्हणजे त्यांनी ऐकलं.

लेखाचं कळल्यापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. लीलावहिनी परवा बागेत शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जाल तेव्हा मला सांगा. मी येईन." त्यांच्या नवऱ्याने पलीकडून हाक मारली, त्या उठल्या नाहीत.

अंक हातात पडला, की त्याची प्रत घेऊन मी कल्ब्याला जाणार आहे. खोली देतील. जेवायला वाढतील असं मी धरून चाललेलो नाही. सुनेने आत्तापासूनच दशम्या करून देते म्हणून सांगितलंय. मी नको म्हणालो. त्या फाटकातून मी या वेळी घरचा डबा घेऊन जाणार नाही. त्यांनी दार उघडलं नाही, तर उपाशी परत येईन, आणि येताना पंपावर उतरणार नाही.